अस्वलाची माय

जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला जाणाऱ्या बाईच्या लुगड्याला कापूस चिकटतो. ती झटकून घरी येते, तरी कधी केसातून, कधी पदराच्या गाठीतून एखादं पुंजकं निघतंच. लहान पोट्ट्यांमध्ये दिवस काढलेल्या बाईचं तसंच असतं. मी कितीदा झटकलं, अजून निघूनच राहिलं! मला अक्षर येत नाही. मी सांगते, शेजारची पोरगी लिहिते. ती माझं ‘मले’ खोडून ‘मला’ करते. करू दे. पोट्ट्यांचं बोलणं मात्र जसं होतं तसंच ठेव म्हटलं, नाहीतर त्यांना कोणी ओळखायचं नाही.

गोष्ट अमरावतीची. वऱ्हाड तेव्हा नागपूरच्या सरकारला जोडलेलं होतं, आणि वरती इंग्रज होता. गावाच्या कडेला आमचा मळा. त्यात वांगी, सांभार म्हणजे कोथिंबीर, झेंडू, शेवंती. मळ्याच्या अलीकडे इंदूताईंचा शिशुवर्ग. इंदूताई पुण्याकडच्या. भाऊ कचेरीत नोकरीला लागला म्हणून त्याच्यासोबत इकडे आल्या होत्या. पोट्टे घरून आणायचे आणि घरी पोचवायचे, हे माझं काम. सगळे मला मावशी म्हणत.

माझी रीत अशी होती. मोटेचा एक जुना दोर घेतला आणि त्याला हातभर अंतरानं गाठी मारल्या. ज्याची त्याची गाठ ठरलेली. पोट्टं दारातून बाहेर आलं की आपली गाठ धरायचं आणि वर्गात जाईपर्यंत सोडायची नाही. शेवटच्या दोन गाठी माझ्या तुळशीची आणि वकिलाच्या शकूची. दोघी एका वयाच्या, एकमेकींशिवाय पाणी न पिणाऱ्या.

तुळशीच्या आधीची माझी दोन लेकरं देवीच्या साथीत गेली. ही एकच उरली. म्हणून मी चालताना पुढे कमी आणि मागे जास्त पाहत असे. लोक हसत, “मावशी, मान वाकडी होईन!” हसोत. रिकामी गाठ काय असते ते त्यांना ठाऊक नव्हतं.

*

इंदूताईंचं म्हणणं असं की दया, मैत्री ही लहान मुलांना सांगून कळत नाही, दाखवावी लागते. त्यासाठी चित्रांची पुस्तकं पाहिजेत. तशी पुस्तकं आमच्याकडे मिळत नव्हती. मग त्यांनी स्वतःच जाड पुठ्ठ्यावर चित्रं काढली आणि गोधडीच्या दोऱ्यानं शिवली. अक्षर एकही नाही. त्यामुळे त्या पुस्तकापुढे मी आणि इंदूताई सारख्याच शिकलेल्या.

पोट्ट्यांचं लाडकं पुस्तक अस्वलाचं. एक अस्वलाचं पिल्लू वाट चुकून गावात येतं. सगळे पळतात. एक मुलगी पळत नाही. ती त्याला ओंजळीतली बोरं देते. मग दोघं झाडाखाली शेजारी-शेजारी बसतात. एवढंच.

एकदा इंदूताईंनी पहिलंच पान उघडून विचारलं, “या चित्रात भीती कोणाला वाटते आहे?”

सगळे ओरडले, “पोट्टीले!”

तुळशी म्हणाली, “अस्वलाले. त्याची माय बाजारात गेली ना.” असं चित्रात काही नव्हतं. पण तुळशी दर वेळी त्या अस्वलाच्या मायला बाजारात पाठवायची.

शकू स्वभावानं गरीब पोट्टी, चारदा विचारलं तर एकदा बोलणारी. तिनं चित्राकडे बघून घेतलं, मग म्हणाली, “मायले. अस्वलाच्या मायले.”

“अगं, पण अस्वलाची आई चित्रात कुठे आहे?”

“नाई हाय. म्हून तं भेत असन.”

इंदूताईंनी पुस्तक उचललं आणि ते पान स्वतःकडे फिरवून पाहिलं.

*

आता पुस्तकातलं अस्वल पुस्तकात राहिलं असतं तर बरं होतं. पण थंडीच्या दिवसांत आमच्याकडे दरवेशी अस्वल घेऊन फिरत. एका सकाळी मी दोर घेऊन कोपऱ्यावर वळले, तर समोर डमरू! काळंकुट्टं, माणसाएवढं अस्वल मागच्या पायांवर उभं. नाकात कडी, कडीत दोरी, दोरीच्या टोकाला दरवेशी.

एरवी पोट्टे किंचाळून पळाले असते. पण यांना शिकवण झालेली! आणि दिवस बोरांचे, सगळ्यांचे खिसे भरलेले. अख्खा दोर अस्वलाकडे वळला. कोणी गाठ सोडली नाही, माझं टोक माझ्या हातात, त्यामुळे मीच ओढली गेले. बैलांनी रिकामी गाडी न्यावी तशी. दोराचं शेपूट आता तोंड झालं होतं: सगळ्यात पुढे तुळशी, गाठ काखेत दाबून ओंजळ पुढे केलेली, तिच्या पायातले वाळे छुमछुम वाजताहेत. अस्वलाची नखं मला दिसत होती. मी टाचा रोवल्या, पण दोर चालूच.

तेवढ्यात ते अस्वल खाली बसलं आणि दरवेशाच्या पायांमागे तोंड लपवू लागलं.

दरवेशी हात जोडून म्हणाला, “बाई, बच्चों को हटाओ. मेरा भालू बच्चों से डरता है. लोग पत्थर मारते हैं ना.”

तुळशीनं माझ्याकडे असं पाहिलं, जशी मी वर्गातली ढ आहे. “पाह्य, मी सांगतलं होतं. अस्वलच भेते.”

बोरं त्यांनी जमिनीवर ठेवली. अस्वलानं खाल्ली. मी बाजूच्या नालीपाशी जाऊन ओकले.

*

खऱ्या अस्वलापेक्षा मला भीती होती ती शकूच्या आजीची. वकिलाची आई. आम्ही त्यांना मोठीबाई म्हणत असू. नातीला वर्गात घालायला त्या तयार नव्हत्या. मुलानं हट्ट धरला म्हणून पाठवलं, पण मला बोलावून बजावलं, की पोट्टीनं कोणाच्या हातचं खाल्लं तर मावशी, तुझा दोर आणि तुझं काम दोन्ही बंद.

वर्गात वाटून खायचं शिकवणारंही एक पुस्तक होतं. खारीनं पेरू अर्धा केला आणि पोपटाला दिला, असं काहीतरी. आणि तुळशीच्या हातात रोज मळ्यातला पेरू. चाकू कुठून आणणार? मग आपली जुनी युक्ती. पेरू झग्याच्या कापडात धरायचा, कापडावरून दातांनी तोडायचा. चिमणीचे दात! तोंड लागलं नाही, म्हणजे उष्टं झालं नाही.

एक दिवस शकूच्या ओठाला पेरूची बी चिकटलेली राहिली. ओट्यावर मोठीबाई बसलेल्या. त्यांची नजर म्हणजे घार. मी दोर गुंडाळायच्या निमित्तानं खाली मान घातली.

“कोनाचं उष्टं खाल्लं?”

शकू शांतपणे म्हणाली, “कोनाचं नाई. चिमनीचं.”

“कोनती चिमनी वं?”

शकूनं बोट दाखवलं. तुळशी लगेच छाती काढून उभी राहिली. मी मनात म्हटलं, संपलं, उद्यापासून वांगीच विकायची.

मोठीबाईंनी तुळशीला डोक्यापासून वाळ्यांपर्यंत पाहिलं. मग मला म्हणाल्या, “मावशे, तुह्या चिमनीले सांगजो. दाने अंगनात टिपावं. ओट्यावर चढू नाई.”

काम राहिलं. पण त्या दिवसापासून तुळशी त्या घराच्या अंगणातच थांबायची, पायरीला पाय लावायची नाही. मी तिच्या दंडाला धरूनच ठेवायची.

*

एकदा अकोल्याला जायचं निघालं. शिशुवर्गांच्या बायांना तिथं बोलावलं होतं, आणि शाळाखात्याचे डिप्टी साहेब स्वतः पाहणार होते. त्यांना पटलं तर वर्गाला सरकारी मदत, नाही पटलं तर वर्ग बंद. इंदूताईंनी तुळशी आणि शकूला सोबत घेतलं आणि दोघींना धरायला मला. वकिलानं परवानगी दिली, मोठीबाईंना कोणी विचारलंच नाही.

बडनेऱ्याला गाडीत चढले तेव्हा मी दोर माझ्या कमरेला बांधला आणि दोन्ही पोट्ट्यांना त्याच्या फेऱ्यात घेतलं. एक म्हातारा म्हणाला, “काहो बाई, बकऱ्या हायेत का लेकरं?” मी म्हटलं, “एकच हाय माही. तुमचे किती हायेत?” त्यानं सरकून आम्हाला जागा दिली.

अकोल्यात मोठी खोली, खुर्च्या, आणि मधे डिप्टी साहेब. कोट, फेटा, मिशा अशा की बोलताना तोंड दिसत नव्हतं. इंदूताईंनी पुस्तक त्यांच्यापुढे ठेवलं. साहेबांनी पान उलटलं, आणखी उलटलं. “यात वाचायचं काय?”

इंदूताईंनी तुळशीकडे बोट दाखवलं.

साहेबांनी तुळशीला पुढे ओढलं. “काय गं, तू अस्वलाला भितेस का?”

“नाई.”

“का नाही?”

“अस्वल काय करते मले? मी तुमाले भेतो.”

मला वाटलं, वर्ग तर गेलाच, आता आम्हाला कोठडीत घालतात. तेवढ्यात शकू पुढे झाली. तिनं परकराच्या ओच्यातून एक बोर काढलं आणि साहेबांपुढे धरलं. पुस्तकात नाही का, ज्याची भीती वाटते त्याला बोर द्यायचं? त्या पोट्टीनं तेवढंच केलं.

साहेबांनी बोराकडे पाहिलं, पुस्तकातल्या पानाकडे पाहिलं, आणि बोर तोंडात टाकलं.

बी थुंकायला जागा नव्हती! इतक्या लोकांत कुठे थुंकणार? मग साहेबांनी पुढचं सगळं भाषण बी गालात धरून केलं. आणि मदत मंजूर झाली.

*

पुढच्या थंडीत देवी टोचणारा आला. इंदूताईंनी आधीच एक नवं पुस्तक करून ठेवलं होतं. सशाला टोचतात, आणि त्याचे सगळे मित्र त्याचा पंजा धरून बसतात. त्यामुळे पोट्टे रडायचं सोडून एकमेकांचे हात धरून रांगेत बसले. पण पुढे कोणी सरकेना. एकानं तोडगा काढला, “मावशीले पयले टोचा.”

टोचणाऱ्यानं माझं तोंड पाहिलं. लहानपणी मला देवी आल्या होत्या, त्यांचे व्रण गालभर आहेत. तो हसला. “हिला कशाला? हिला देवी मायनं स्वतः टोचलं आहे. एकदा आली त्या अंगात ती पुन्हा येत नाही.”

पोट्ट्यांना माझा हेवा वाटला. एकानं मात्र माझा हात धरला तो सोडलाच नाही. त्याला वाटलं, मला अजून दुखत असेल.

सगळ्यांना टोचून झालं. दोघी सोडून. तुळशीला माझ्या सासूनं घरीच ठेवलं होतं. मंगळवार देवीचा वार, त्या दिवशी टोचून घेणं म्हणजे देवीलाच टोचणं, असं सासूचं म्हणणं. आणि मोठीबाईंचा निरोप होता, की गावाला टोचलेली सुई आमच्या घरच्या पोट्टीला लागायची नाही. टोचणारा त्याच संध्याकाळी पुढच्या गावाला गेला.

परतताना सगळे दंड दाखवत हसत होते. मीही हसत होते. पण दोराचं मागचं टोक धरायला कोणी नव्हतं. ते जमिनीवर घासत येत होतं, आणि तो आवाज मला घरापर्यंत ऐकू आला.

*

चैत्रात गावात देवी आल्या. इंदूताईंनी वर्ग बंद केला. दोन-चार दिवसांत कळलं, वकिलाच्या दाराला कडूलिंबाच्या डहाळ्या बांधल्या आहेत.

आमच्याकडे त्या दुखण्याला दुखणं म्हणत नसत. माय आली म्हणत. ज्या लेकराच्या अंगात ती आली, ते लेकरू बरं होईपर्यंत लेकरू नाही, मायच. घरात फोडणी द्यायची नाही, केस विंचरायचे नाहीत, मोठ्यानं बोलायचं नाही. आणि लेकरानं जे मागितलं ते द्यायचं. कारण मागणारं लेकरू नसतं. नाही दिलं तर माय रागावते आणि लेकराला घेऊन जाते.

हे मला कोणी सांगायला नको होतं. माझ्या त्या गेलेल्या दोघांतल्या धाकट्यानं सीताफळ मागितलं होतं. चैत्रातच. चैत्रात सीताफळ कुठून आणायचं? सगळं गाव पालथं घातलं मी. रिकाम्या हातानं परत आले तेव्हा उशीर झाला होता.

त्या दुपारी मी वाफ्यात पाणी सोडत होते. कुंपणाशी कोणीतरी उभं दिसलं. मोठीबाई. उन्हात, अनवाणी, केस मोकळे. कधी आमच्या वाटेला न आलेली बाई. आत आल्या नाहीत. तिथूनच म्हणाल्या, “मायनं मांगलं.”

“काय मांगलं?”

“अस्वलाचं पुस्तक.” मग थांबल्या. “अन् तुही तुळशी.”

मोटेचं पाणी पाटातून फुटून भलतीकडे चाललं होतं, ते मला दिसत होतं आणि मी काही करत नव्हते. मोठीबाई म्हणाल्या, “मी जोर नाई करत. तू बी माय हाय.” आणि आल्या तशा गेल्या.

मी इंदूताईंकडे धावले. त्यांनी पुस्तक काढून दिलं आणि माझे दोन्ही खांदे धरले. “पुस्तक ने. पण तुळशीला नेऊ नकोस. तिला टोचलेलं नाही. मावशी, ऐकते आहेस ना?”

ऐकत होते. पण माझ्या मागे तुळशी येऊन उभी होती, तिनंही ऐकलं होतं. ती म्हणाली, “मी जातो. शकूनं बलावलं. पुस्तकात बी तसंच हाय, सगळे पळते अन् एक पोट्टी पळत नाई.”

इंदूताईंनी तोंडाला पदर लावला. पुस्तक त्यांनीच काढलेलं!

नाही पाठवलं तर तिकडे माय रागावते. पाठवलं तर ती माझ्या दारी येते. मी घरी आले, तुळशीला सासूच्या मांडीवर बसवलं आणि तिच्या पायातले वाळे काढले. ती रडली. मी दाराला बाहेरून कडी घातली. वाळे मुठीत घट्ट धरले, वाजू नयेत म्हणून, आणि पुस्तक पदराखाली घेऊन निघाले.

वकिलाच्या दारात मोठीबाईंनी माझ्या मागे पाहिलं. मागे कोणी नव्हतं. मग त्यांनी माझी मूठ पाहिली. काय चाललं आहे ते त्यांना कळलं. मायला फसवायचं! त्यांनी डोळे मिटले, हात जोडले, आणि वाटेतून बाजूला झाल्या. ज्या ओट्यावर माझ्या लेकीला चढायची मनाई होती, त्या ओट्यावरून मी आत गेले. पाऊल हळू टाकायचं आणि मूठ हलवायची. छुम. छुम. तुळशी चालते तशी.

शकू चटईवर, केळीच्या पानावर निजलेली होती. तोंड ओळखू येत नव्हतं. डोळे फोडांनी गच्च मिटलेले. वाळे ऐकले आणि तिचं तोंड आवाजाकडे वळलं.

मी पुस्तक उघडलं. आवाज बारीक केला. आईला लेकीचा आवाज काढता येतो, रोज कानाशी असतो तो. “हे पाह्य, अस्वल आलं. त्याची माय बाजारात गेली. अन् हे सगळे पळून राहिले.” मला वाटत होतं, आता ती माय उठेल आणि विचारेल, कोण गं तू, माझ्याशी खोटं बोलणारी? शकूचा हात चटईवरून चाचपत माझ्याकडे यायला लागला. माझे हात खुरप्यानं घट्टे पडलेले. तिला लागले असते तर लगेच कळलं असतं. मी हात मागे घेतला. तिचा हात थोडा वेळ तिथंच, हवेत, राहिला. मग खाली गेला.

मी घाईघाईनं पुढची पानं सांगितली. बोरं दिली. झाडाखाली दोघांना बसवलं. संपलं.

खोलीत लिंबाचा वास, आणि दारात मोठीबाईंचा श्वास. मी मनात तुळशीचं नाव घेत होते, दुसरं काही सुचत नव्हतं.

मग ती पोट्टी अगदी हळू म्हणाली, “तुळशे, तू आता घरी जाय. तुही माय भेत असन.”

मी मुठीतले वाळे वाजवले. मग थोडे हळू. मग आणखी हळू, कोणी उंबऱ्याकडे, अंगणाकडे, लांब चाललं आहे असे. आणि बसल्या जागी बसून राहिले.